विचारा की! : नऊ वर्षांचा राजा अन् त्याचे दोन मामा

मागच्या अंकात इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या सहा लग्नांवर लिहिलं होतं. त्यावर जेवढी पत्रं अन् मेसेज आले ते जवळपास सगळे त्याच्या पोराबद्दल, म्हणजे सहाव्या एडवर्डबद्दल. मुलगा पाहिजे म्हणून त्या माणसानं एवढा उत्पात केला, मग त्या मुलाचं पुढं काय झालं, हे कुणालाच नीट माहीत नाही असं दिसतंय. म्हणून यावेळचं सदर पूर्ण त्याच्यावरच.

लातूरहून एक वाचक ताई : मॅडम, तो मुलगा शेवटी गादीवर बसला का? आणि नऊ वर्षाचं लेकरू राज्य कसं करणार ओ, सही तरी येत होती का त्याला?

ताई, बसला ना. 12 ऑक्टोबर 1537 ला हॅम्प्टन कोर्टच्या वाड्यात जन्म, आणि बाराव्या दिवशी आई जेन सीमोर गेली, म्हणजे आई त्याला आठवणीतसुद्धा नाही. बाप गेला 28 जानेवारी 1547 ला, तेव्हा हा नऊ वर्षं तीन महिन्यांचा. हेन्री मेल्याची बातमी तीन दिवस दाबून ठेवली होती दरबाऱ्यांनी, तोवर एडवर्डचा थोरला मामा एडवर्ड सीमोर घोडा दामटून हर्टफर्डला गेला, पोराला उचललं, एनफिल्डला त्याची सावत्र बहीण एलिझाबेथ होती (13 वर्षांची, हीच पुढं राणी झाली) तिथं नेलं आणि दोघांना समोरासमोर उभं करून सांगितलं की तुमचे वडील गेले. दोघंही खूप रडले. 20 फेब्रुवारीला वेस्टमिन्स्टर ॲबीत राज्याभिषेक, तो पण नेहमीपेक्षा आटोपता घेतला कारण एवढा वेळ एवढ्या जड कपड्यात लेकरू टिकणार कसं.

सहीचं विचारलंत ते फार नेमकं विचारलंत. सही त्याला येत होती, लॅटिन येत होतं, पुढं ग्रीक आणि फ्रेंच पण चांगलं आलं. त्याचे मास्तर जॉन चीक म्हणजे त्या काळातले इंग्लंडातले नावाजलेले ग्रीकचे पंडित. पण सही येणं वेगळं अन् सहीला किंमत असणं वेगळं. हेन्रीनं मृत्युपत्रात लिहिलं होतं की पोरगा 18 वर्षांचा होईपर्यंत 16 जणांच्या मंडळानं मिळून कारभार बघावा, कुणा एकाला वरचढ केलं नव्हतं. आणि गंमत बघा, त्या मृत्युपत्रावर हेन्रीच्या हातची सहीच नाही, सहीचा ठसा कागदावर दाबायचा आणि उमटलेल्या खुणेवरून शाई फिरवायची अशी पद्धत शेवटी शेवटी सुरू झाली होती, तशी ती केलेली आहे. ते मृत्युपत्रसुद्धा चार दिवस टिकलं नाही. बाप जमिनीत जायच्या आधीच मंडळातल्या लोकांनी थोरल्या मामाला 'लॉर्ड प्रोटेक्टर' करून टाकलं, मग तो ड्यूक ऑफ सॉमरसेट पण झाला, आणि ज्यांनी मान डोलावली त्या सगळ्यांना जमिनी अन् पदव्या मिळाल्या. राजाचं नाव, मामाचा कारभार. पहिली अडीच-पावणेतीन वर्षं असंच चाललं.

केजहून एक वाचक : मामा म्हणल्यावर भाच्याचं भलंच बघितलं असंल ना? आमच्याकडं तर मामाशिवाय पान हालत नाही.

दादा, त्याला मामा होते दोन, आणि मला विचाराल तर त्या पोराच्या आयुष्याचं वाटोळं तिथूनच सुरू झालं.

थोरला सॉमरसेट. हुशार, कामाचा, पण भाच्याला अगदी आवळून ठेवलेलं, हातात पैसाच द्यायचा नाही. अख्ख्या इंग्लंडचा राजा, आणि नोकराला बक्षीस द्यायचं म्हणलं तर खिशात दमडी नाही. धाकटा मामा थॉमस सीमोर, आरमाराचा प्रमुख, दिसायला रुबाबदार, बोलायला गोड, आणि मनात सारखं एकच की भाऊ एवढा मोठा झाला मग मी का नाही. त्यानं हेन्रीची विधवा कॅथरीन पार हिच्याशी परस्पर लग्न केलं, म्हणजे एडवर्डची सावत्र आई ती आता मामी पण झाली. आणि मग त्यानं बरोबर नस पकडली. राजाच्या खोलीत कामाला असणारा फाउलर नावाचा एक माणूस हाताशी धरला अन् त्याच्यामार्फत पोराला चोरून पॉकेटमनी द्यायला लागला, वर सारखं कानाशी की तू कसला राजा, भिकारी राजा, तुझ्याकडं खेळायला नि नोकरांना द्यायला पैसे नाहीत, तू फार लाजतोस, आपल्या तोंडानं माग की.

हे सगळं आपल्याला कळतं कशावरून, तर पुढं चौकशी झाली तेव्हा त्या अकरा वर्षांच्या पोराचाच जबाब घेतला होता. त्यात तो सांगतो की थोरल्या मामानं मला फार जखडून ठेवलंय, मनासारखे पैसे मिळत नाहीत, पण धाकटा मामा पाठवतो. आणि एक वाक्य असं आहे की वाचताना मला धस्स होतं. धाकटा म्हणाला होता की थोरला आता म्हातारा झालाय, फार दिवस काढणार नाही, त्यावर पोरगं म्हणालं की मेला तर बरंच होईल. हे कुणी शिकवलं असेल त्याला? एवढ्याशा वयात आजूबाजूला जे बघितलं तेच तोंडात येणार ना.

1548 मध्ये कॅथरीन पार बाळंतपणानंतर गेली आणि थॉमसला धरबंदच राहिला नाही. 16 जानेवारी 1549 च्या रात्री तो हॅम्प्टन कोर्टात राजाच्या खोलीपर्यंत घुसला, पोराला उचलून न्यायचा बेत असावा असं मानतात. राजाचं कुत्रं भुंकलं, यानं त्याला गोळी घातली, आवाजानं सगळा वाडा जागा झाला. पकडला, खटला न चालवता पार्लमेंटच्या कायद्यानंच दोषी ठरवला, 20 मार्चला मुंडकं उडवलं. थोरल्या भावानं धाकट्याच्या मृत्यूच्या हुकमावर सही केली. आणि भाच्याची संमती घ्यायला मंडळ त्याच्याकडं गेलं होतं, त्यानं ती दिली.

गेवराईहून एक शेतकरी वाचक : त्या काळात तिकडं मेंढ्यांवरून शेतकऱ्यांचं बंड झालं होतं असं पोराच्या पुस्तकात वाचलं. मेंढ्यांवरून बंड कसं काय?

काका, मेंढी निमित्त होती, भांडण गायरानाचं होतं. लोकरीला भाव चांगला, कापड परदेशात जायचं, त्यामुळं मोठे जमीनदार गावाच्या चराईच्या रानाला कुंपण घालून आत मेंढ्या सोडायला लागले, गरिबाची एखादी गाय, दोन डुकरं चरायची ती जागाच गेली. त्यात चांदीच्या नाण्यात सरकारच तांबं मिसळत होतं, हेन्रीनं चालू केलेलं ते मामानं पण चालूच ठेवलं, मग पैशाला किंमत राहिना अन् बाजार गगनाला. सॉमरसेटनं कुंपणांची चौकशी करायला 1548 मध्ये कमिशन नेमलं, लोकांना वाटलं चला सरकार आपल्या बाजूचं आहे, आणि काही जमिनीवर दिसेना तेव्हा 1549 च्या जुलैत नॉरफोक भागात वायमंडम गावचे लोक कुंपणं पाडत सुटले. रॉबर्ट केट नावाच्या एका जमीनदाराकडं त्याची कुंपणं पाडायला गेले तर तो म्हणाला तुमचं बरोबर आहे, स्वतःची कुंपणं स्वतः काढली आणि त्यांचा पुढारी झाला. मला हा माणूस फार मोठा वाटतो. नॉरिच शहराबाहेरच्या माळावर हजारो लोक जमले, 16 हजारांचा आकडा सांगतात, झाडाखाली बसून न्यायनिवाडे करायचे, 29 मागण्यांचा अर्ज लिहिला, कुणी उगीच धुडगूस घालत नव्हतं. शेवटी जॉन डडली नावाच्या सरदारानं परदेशी भाडोत्री सैनिक आणून ऑगस्टच्या शेवटी त्यांना कापून काढलं, आणि 7 डिसेंबरला केटला नॉरिचच्या किल्ल्यावर फाशी.

त्याच उन्हाळ्यात पश्चिमेकडं डेव्हन अन् कॉर्नवॉलमध्ये दुसरंच बंड पेटलं, तिथं कारण धर्माचं. जुनी लॅटिन पूजा बंद करून सगळीकडं इंग्रजी प्रार्थनेचं नवं पुस्तक लागू केलं होतं, कॉर्नवॉलचे लोक म्हणाले आमच्यातल्या कित्येकांना इंग्रजीच येत नाही. निजामाच्या काळात उर्दू शाळेत कोंबलेल्या आपल्या आज्या-पणज्यांना हे दुःख लगेच कळलं असतं.

दोन बंडं एका उन्हाळ्यात म्हणल्यावर सॉमरसेटचे दिवस भरले. ऑक्टोबरात त्यानं भाच्याला रातोरात विंडसरच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं, पोराला सर्दी झालेली, त्याला तिथं जेलमध्ये असल्यासारखं वाटत होतं, फिरायला ना बाग ना सज्जा. मामाचा खेळ खलास. सूत्रं गेली त्या डडलीच्या हातात, जो पुढं ड्यूक ऑफ नॉर्थम्बरलँड झाला.

परंड्याहून एक शिक्षक : आपल्या भागात पण असे बालराजे होऊन गेले, त्यांची अन् याची तुलना होऊ शकते का?

सर, तुमच्या गावात बसून हा प्रश्न विचारलात हे बेस्ट. अहमदनगरला 1595 च्या सुमाराला बहादूर निजामशहा तान्हं लेकरू होता, चांदबिबीनं त्याच्या नावानं मोगलांशी किल्ला लढवला, 1600 मध्ये नगर पडलं आणि ते लेकरू ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत गेलं. मग मलिक अंबरनं 'मुर्तझा दुसरा' या निजामशहाला गादीवर बसवलं ते तुमच्या परंड्यातच. 1633 मध्ये दौलताबाद पडला तेव्हा आत जो हुसेनशहा सापडला तो पण पोरगाच, त्याला तिथं बसवलं होतं अंबरचा मुलगा फतहखान यानं. ते पोरगं पण ग्वाल्हेरलाच गेलं. आणि लगेच शहाजीराजांनी पेमगिरीवर निजामशाही घराण्यातलं आणखी एक मूल गादीवर बसवून 1636 पर्यंत राज्य टिकवून धरलं.

तुलना करायची तर मोठा फरक एकच. आपल्याकडं या लेकरांच्या जिवाला धोका बाहेरून होता, दारात मोगल उभे होते, म्हणून चांदबिबी, अंबर, शहाजीराजे यांच्यासारखी कर्ती माणसं त्यांच्यामागं उभी राहिली. इंग्लंडात धोका घरातूनच. एडवर्डच्या आधी 1483 मध्ये पाचवा एडवर्ड 12 वर्षांचा असताना राजा झाला, त्याच्या काकानं, रिचर्डनं, त्याला लंडनच्या टॉवर नावाच्या किल्ल्यात ठेवलं आणि तो अन् त्याचा धाकटा भाऊ परत कुणाला दिसलेच नाहीत. ही गोष्ट एडवर्डच्या दरबारातल्या प्रत्येकाला पाठ होती. बायबलात एक वचन पण आहे, ज्या देशाचा राजा बालक त्या देशाची दैना, आणि लॅटिमर नावाच्या धर्मोपदेशकानं तर खुद्द एडवर्डसमोर प्रवचनात तो विषय काढला होता.

नांदेडहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी वाचक : मॅडम नोट्समध्ये सगळीकडे एवढंच दिलंय की एडवर्ड नामधारी राजा होता, खरी सत्ता सॉमरसेट आणि नॉर्थम्बरलँडची. एवढंच लिहू का?

नको गं बाळा, एवढंच नको लिहू. 1549 पर्यंत ते ठीक आहे. त्याच्या पुढं नाही, आणि का नाही ते जरा सविस्तर सांगते कारण याच्यावरच माझा जीव आहे.

या पोरानं स्वतःच्या हातानं रोजनिशी लिहिलीय. अगदी रोजची नाही, पण राजा झाल्यापासून 1552 च्या नोव्हेंबरपर्यंतच्या नोंदी आहेत त्यात, आज ती ब्रिटिश लायब्ररीत आहे. सुरुवातीला घडून गेलेलं सगळं आठवून लिहिलेलं, स्वतःलाच 'राजा' म्हणून तिसऱ्याच माणसासारखं. मग हळूहळू 'मी' यायला लागतो. कर्ज किती, नाणं किती शुद्ध, कुठल्या किल्ल्याची डागडुजी, कुठल्या वकिलाशी काय बोलणं झालं. चौदाव्या-पंधराव्या वर्षी तो मंडळाच्या बैठकीसाठी विषयांची यादी स्वतः काढायचा. डडली त्याला पढवून पाठवायचा हे खरंच आहे, त्यात वाद नाही, पण पढवलेलं पोरगं पण हळूहळू स्वतःचं डोकं चालवायला लागतंच की.

आता यातली एक नोंद बघ. थोरल्या मामाला एकदा सोडून दिला होता, परत धरला आणि 22 जानेवारी 1552 ला टॉवर हिलवर मारला. त्या दिवशी भाच्याच्या रोजनिशीत काय आहे, तर सॉमरसेटच्या ड्यूकचं डोकं सकाळी आठ ते नऊच्या दरम्यान टॉवर हिलवर उडवलं. बस. पुढं एक अक्षर नाही. याच्यावरून बरेच जण म्हणतात की पोरगा दगडाच्या काळजाचा होता. मला नाही तसं वाटत. ही रोजनिशी दरबारात बसणारा राजा लिहितोय, तिथं त्यानं रडायचं तरी कुणासमोर? आई नाही, बाप नाही, एका मामाचा हुकूम दुसऱ्यानं काढलेला, आणि ज्या माणसानं दुसऱ्याला संपवलं तोच आता शेजारी बसून कारभार शिकवतोय.

धर्माच्या बाबतीत मात्र तो कुणाचं ऐकत नव्हता. तो कट्टर प्रोटेस्टंट, थोरली बहीण मेरी कट्टर कॅथलिक, त्याच्यापेक्षा 21 वर्षांनी मोठी आणि त्याच्या बाप्तिस्म्यात धर्ममाता झालेली. 1550 च्या नाताळात तो तेरा वर्षांचा पोरगा तिला सगळ्यांदेखत बोलला की तू घरात अजून 'मास' (कॅथलिकांची जुनी लॅटिन पूजा) का चालू ठेवलाय, ती रडायला लागली, तिला बघून हा पण रडला, पण ऐकलं नाही म्हणजे नाही.

1552 च्या एप्रिलात त्याला गोवर आणि देवी निघाल्या, त्यातून उठला. त्याच वर्षी इटलीचा कार्डानो नावाचा नामांकित वैद्य आणि ज्योतिषी भेटून गेला, त्यानं कुंडली मांडून दीर्घायुष्य सांगितलं. 1553 च्या सुरुवातीला ताप अन् खोकला चालू झाला तो गेलाच नाही, बहुतेक छातीचा रोग, क्षय असावा. विषप्रयोगाच्या अफवा उठल्या पण त्यात काही दम नाही.

आणि आता तो कागद. मेरी राणी झाली तर आपलं सगळं केलेलं पुसून टाकणार हे त्याला दिसत होतं, म्हणून त्यानं स्वतःच्या अक्षरात वारसाचं टिपण लिहिलं. आधी त्यात लिहिलं होतं की गादी जाईल 'लेडी जेनच्या मुलग्यांना'. ही जेन ग्रे म्हणजे त्याच्या आत्याची नात, शिकलेली, प्रोटेस्टंट, आणि तिचं लग्न नुकतंच मे महिन्यात झालं होतं, कुणाशी, तर डडलीच्या पोराशी. पण जेनला मुलगा कुठला एवढ्यात, आणि इकडं राजाची तब्येत तर दिवसेंदिवस खालावत चाललेली. मग त्याच ओळीत एक अक्षर खोडून वर दोन शब्द घुसवले, आणि झालं 'लेडी जेन आणि तिच्या मुलग्यांना'. तेवढ्या खाडाखोडीनं मेरी गेली, एलिझाबेथ गेली, जेन राणी. लंडनमध्ये इनर टेंपलच्या ग्रंथालयात तो कागद अजून आहे, खाडाखोड स्पष्ट दिसते.

हे डडलीनं करून घेतलं का? त्याचा फायदा होता हे उघड आहे. पण न्यायाधीशांना बोलावलं तेव्हा मुख्य न्यायाधीश माँटेग्यू म्हणाले की पार्लमेंटचा 1544 चा वारसा कायदा असताना हे लिहिणंसुद्धा राजद्रोह होईल, तर मरायला टेकलेला हा पंधरा वर्षांचा पोरगा त्यांच्यावर संतापला आणि हुकूम दिला की करा म्हणजे करा. शंभरावर मोठमोठ्या लोकांनी त्यावर सह्या केल्या. बाहुल्या असं करत नाहीत. बरोबर केलं का, तर नाही, कायद्याच्या बाहेर जाऊन केलं आणि एका निर्दोष मुलीचा जीव त्यात गेला, पण केलं ते स्वतःच्या मनानं केलं असंच माझं मत आहे.

6 जुलै 1553 ला संध्याकाळी ग्रिनिचला तो गेला. बापासारखंच त्याचंही मरण काही दिवस दाबून ठेवलं. 10 जुलैला जेनची द्वाही फिरली, 19 ला लोकांनी मेरीच्या नावानं घंटा वाजवल्या, ऑगस्टात डडलीचं डोकं गेलं, पुढच्या फेब्रुवारीत जेनचं. उत्तर लिहिताना 1549 च्या आधी अन् नंतर अशी दोन भागात मांडणी कर, आणि 1552 ची बर्मिंगहॅमची किंग एडवर्ड शाळा, 1553 ची क्राइस्ट्स हॉस्पिटलची (ही गरीब मुलांची शाळा) सनद, 1551 ची नाणेसुधारणा हे मुद्दे घे, मार्क तिथं मिळतात.

जालन्याहून सातवीतला वाचक : राजाला खेळायला मिळायचं का? आणि त्याच्या चुकीसाठी दुसऱ्या मुलाला मारायचे हे खरं आहे का?

अरे, खूप खेळायचा तो. 1551 च्या वसंतात त्यानं चॅलेंज दिलं होतं की मी आणि माझे 16 जण, समोर कुणीही 17 जण या. पळापळीच्या खेळात राजाची टीम जिंकली, तिरंदाजीत एका प्रकारात हरला आणि दुसऱ्यात जिंकला, आणि हरला ते पण त्यानं वहीत खरं खरं लिहून ठेवलंय. त्याचा एक जिगरी दोस्त होता, बार्नबी फिट्झपॅट्रिक, आयर्लंडचा. एडवर्डचा मार हा बार्नबी खायचा अशी गोष्ट सांगतात, पण तिला त्या काळातला भक्कम पुरावा नाही. उलट एडवर्ड सात वर्षांचा असताना हट्टाला पेटला म्हणून आपणच त्याला फटका दिला असं त्याचे मास्तर रिचर्ड कॉक्स यांनी एका पत्रात लिहून ठेवलंय. बार्नबी पुढं फ्रान्सला गेला तेव्हा दोघांची पत्रं चालू होती, एडवर्ड त्याला लिहायचा की घोड्यावर बस, नेमबाजी कर, टेनिस खेळ, धर्मग्रंथ वाच आणि मुलींच्या नादाला फार लागू नकोस. तेव्हा हा स्वतः होता चौदा वर्षांचा!